लसण्याच्या डोळ्यातले ठिपके

शिवाजी पेठ, कोल्हापूर
9 मार्च 2025

चि. राणूस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू आधी रडलीस, मग चिडलीस आणि मी फोन आईकडं दिला. "आपल्या बोक्याच्या, लसण्याच्या डोळ्यातलं दिवाळीत दिसलं होतं आणि मला मार्चमध्ये सांगताय?" हे तुझं म्हणणं खरं आहे. फोनवर मला नीट बोलता येत नाही, तू मधेच तोडतेस, म्हणून लिहून पाठवतोय. दोनदा वाच आणि मग भांड.

दिवाळीच्या गडबडीत एका साजाच्या पानांत लाख भरत बसलो होतो. लसण्या नेहमीसारखा दिव्याखाली येऊन पसरला. उजेड पडला की त्याच्या बाहुलीची बारीक चीर होते आणि भोवतीचा मधाळ रंग सगळा उघडा पडतो, तुला माहीतच आहे, त्यावरूनच तू त्याला लसण्या खड्याचं नाव ठेवलंस. त्या मधात, डाव्या डोळ्यात, तपकिरी कण दिसला. खड्याच्या पोटात असतो तसा. मला वाटलं, काय सुंदर दिसतंय! आणि मी पुढचं पान हातात घेतलं.

फसायला आणखी एक कारण होतं. तांबड्या मांजरांच्या ओठांवर, नाकावर, पापण्यांच्या कडेला वयाबरोबर काळे ठिपके येतात. लसण्याच्या ओठावर चार वर्षांपूर्वीच आले होते, तेव्हा आपण डॉक्टरांना दाखवलं होतं आणि त्यांनी हसून परत पाठवलं होतं. ते कातडीवरचे तीळ, कधी त्रास देत नाहीत. मी डोळ्यातला ठिपकाही त्याच हिशेबात धरला. तो हिशेब चुकला.

फेब्रुवारीत एक दिवस खडे बसवताना तो पुन्हा समोर आला. डोळ्याला भिंग होतंच, तसंच त्याच्याकडं वळवलं. एकाचे पाच झाले होते. घड्याळाच्या तबकडीसारखं धर: दीडच्या जागी एक, चारजवळ दोन अगदी चिकटून, सहाला टाचणीच्या टोकाएवढा, आणि सातजवळ एक पसरट, कडा विरघळल्यासारखी. उजवा डोळा स्वच्छ.

आज्जी म्हणाली, "फूल पडलं असंल डोळ्यात." फूल पांढरं असतं आणि वरच्या काचेवर पडतं, हे तिला सांगून उपयोग झाला नाही. मग एका दवाखान्यात नेलं. तिथं त्याच्या तोंडाकडं धड न बघता "वय झालं, थेंब टाका" म्हणाले. काही दिवस थेंब टाकले. माझ्या हातावरचे ओरखडे तू व्हिडिओत बघितलेस ते त्याचेच. थेंबांनी रंग जात नसतो, हे मला सोनाराला कळायला हवं होतं.

दुसऱ्या डॉक्टर बाईंनी मात्र पाऊण तास दिला. अंधार करून, उजेडाची बारीक फट डोळ्यावर टाकून आडव्या बाजूनं बघितलं. ठिपके सपाट आहेत की उंचवटा आलाय, ते तसंच कळतं म्हणे. सगळे सपाट आहेत. बाहुली गोल होते, चीर होते, कुठं ओढली जात नाही. डोळ्यातलं प्रेशर डाव्याचं 17, उजव्याचं 16. मांजरात साधारण 10 ते 25 चालतं.

आता हे काय आहे ते. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरून 2016 च्या पावसाळ्यात तू त्याला ओढणीत गुंडाळून आणलंस तेव्हा त्याचे डोळे निळसर होते, आठवतं? पुढं महिन्या-दोन महिन्यांत ते मधाळ झाले. तो रंग भरणाऱ्या पेशी असतात, त्यातल्याच काही आता एकेका जागी वाढून गर्द झाल्या आहेत. बहुतेक वेळा हे नुसतं वरवर पसरतं, वर्षानुवर्षं तसंच राहतं, मांजराला पत्ताही नसतो. पण काही मांजरांत त्याच पेशी हळूहळू खाली उतरतात आणि त्याचा मेलानोमा होतो. मांजराच्या डोळ्यात सुरू होणाऱ्या गाठींमध्ये हीच सगळ्यात जास्त आढळते. कॅन्सर हा शब्द मी फोनवर टाळला तो इथं लिहितो.

तू विचारलंस, तुकडा काढून का बघत नाहीत. मीही हेच विचारलं. तो रंगीत पडदा नाजूक आणि रक्तानं भरलेला; तुकडा काढायला गेलं तर आत रक्तस्राव होतो, आणि निघालेला तुकडा नेमका बिघडलेल्या जागेचाच असेल याची खात्री नाही. मला माझ्या भाषेत कळलं ते असं: मुलामा नुसता वर आहे की आतल्या धातूत मिसळ झालीय, हे कसोटीवर घासल्याशिवाय सांगता येत नाही, आणि इथं घासायची सोय नाही. नक्की उत्तर अख्खा डोळा काढून तपासला तरच मिळतं.

म्हणून तुझं "मग डोळा काढून टाका ना, जीव तर वाचेल" हे मी लगेच ऐकलं नाही. डॉक्टर बाईंनी दोन्ही बाजू समोर ठेवल्या. वेळेवर काढला तर तो रोग तिथंच थांबायची शक्यता चांगली; उशीर झाला तर यकृतात, फुप्फुसात जातो, कधी डोळा काढल्यानंतर काही वर्षांनीही वर येतो. पण आज तो डोळा दुखत नाही, त्यानं तो बघतो, काल त्याच डोळ्यानं नेम धरून पालीवर झेप घेतली. सपाट ठिपके म्हणून चांगला डोळा काढायचा आणि मग कळायचं की काही नव्हतंच, हेही होतं. त्यांनी फोटो पुण्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांना पाठवले, त्यांचंही म्हणणं सध्या थांबा आणि मोजत राहा असंच आलं. डोळा काढायचा झालाच तर आधी छातीचा एक्स-रे आणि पोटाची सोनोग्राफी करायची, हेही ठरलंय.

थांबणं म्हणजे मी दिवाळीत केलं तसलं थांबणं नव्हे. दर महिन्याला पहिल्या रविवारी सकाळी, खिडकीपाशी, फ्लॅश न लावता, एकाच बाजूनं फोटो. आई त्याला टॉवेलात गुंडाळून धरते, चेहरा तेवढा बाहेर, त्या वेळी तो आमच्या दोघांकडं असा बघतो की उधारी बुडवलीय आम्ही. मी बटर पेपरवर ठिपके छापून घेतो, नक्षी उतरवतो तसे, आणि मागच्या कागदावर ठेवून बघतो. एखादा ठिपका फुगला, मखमलीसारखा दिसायला लागला, भराभर पसरला, बाहुली वेडीवाकडी झाली किंवा दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्यांत फरक पडला, तर त्याच दिवशी जायचं. कारण ठिपके पसरत कडेला पोचले तर डोळ्यातल्या पाण्याची वाट अडवतात आणि काचबिंदू होतो, तो दुखतो, आणि मांजर दुखणं दाखवत नाही. नाहीतर पुढची तपासणी जूनमध्ये, वटपौर्णिमेच्या आधी.

हो, दूधही बंद केलंय. बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही म्हणे, डोळ्याशी त्याचा संबंध नाही. दूध कट्ट्यावर जन्मलेल्या बोक्याला हे समजावणं अवघड जातंय.

आता तुझं काम. डॉक्टर बाई म्हणाल्या, जुने फोटो मिळाले तर वेग कळेल. तीन-चार महिन्यांत पाच झाले की पाच वर्षांत, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि मी भिंगानं पहिल्यांदा बघितलं ते फेब्रुवारीत. त्याआधी किती होते ते मी बघितलंच नाही. तुझ्या फोनात त्याचे हजारभर फोटो असतील. डाव्या डोळ्याचे, उजेडातले, निवडून पाठव, प्रत्येकाखाली महिना आणि वर्ष लिही. ते डोळे चमकवलेले, कानांना फुलं लावलेले नकोत. त्यात खरा रंग राहत नाही.

आईनं भडंग बांधून ठेवलंय, पार्सल उद्या टाकतो. जेवत जा वेळेवर.

तुझे,
पप्पा

ता. क. पत्र बंद करण्याआधी माझाच जुना फोन चाळला. ऑगस्ट 2019, पुरात शाहूपुरीचे काका आपल्याकडं राहायला आले होते तेव्हाचा एक फोटो सापडला. गाद्यांच्या ढिगावर लसण्या बसलाय, तोंड खिडकीकडं. डाव्या डोळ्यात सातच्या जागी काहीतरी आहे. भिंग लावून बघितलं, आईलाही दाखवलं. ठिपका आहे की स्क्रीनवरची धूळ, आमचं ठरत नाही. तुला पाठवलाय, मोठा करून बघ आणि लगेच फोन कर.