फाइल टेपवर गेली म्हणून सगळे खूश, पण परत आणायची कोणी?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पेपरात स्टोरेजबद्दल काही छापून आलं की ते बहुतेक "डेटा वाढतोय, डिस्क पुरत नाही, क्लाउड घ्या" इथेच संपतं, आणि जिथे पोटापाण्याचं काम चालतं त्या सर्व्हर रूममधलं एचएसएम म्हणजे हायरार्किकल स्टोरेज मॅनेजमेंट, त्याच्याबद्दल मराठीत कुणी नीट लिहिलेलं माझ्या तरी वाचनात नाही. मी स्टोरेज अ‍ॅडमिन आहे, रोज हेच बघतो, म्हणून हे पत्र, थोडं लांबलंय, काटछाट केली तरी हरकत नाही. माझं म्हणणं एकच आहे, हे सॉफ्टवेअर बसवताना सगळ्यांचं लक्ष फायली डिस्कवरून बाहेर कशा जातील यावर असतं आणि परत कशा येतील ते कुणी विचारत नाही, आणि बोंब होते ती कायम परत येतानाच.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी आधी जरा सांगतो. फास्ट आणि महाग डिस्कवर अशा ढीगभर फायली पडून असतात ज्या वर्ष वर्ष कुणी उघडत नाही, त्या हे सॉफ्टवेअर आपोआप स्वस्त जागेवर हलवतं, बहुतेक वेळा टेपवर (कॅसेटसारखी चुंबकीय फीत), हल्ली बरेच जण ऑब्जेक्ट स्टोरेजवरही (क्लाउडमध्ये असतं तसली स्वस्त मोठी जागा) पाठवतात, याला म्हणतात मायग्रेशन. पण गंमत अशी की फोल्डरमध्ये फाइल दिसतच राहते, नाव तेच, तारीख तीच, साइजही तीच, फक्त आत माल नसतो, उरतो तो स्टब. कुणी ती उघडली की सॉफ्टवेअर मधे येतं, उघडणाऱ्या प्रोग्रामला तिथेच थांबवून ठेवतं, खालून डेटा आणून देतं आणि मग पुढे जाऊ देतं, हा रिकॉल. यात नवीन काही नाही, आयबीएमच्या मेनफ्रेमवर हे १९७०च्या दशकापासून चालू आहे, आणि ज्यांनी विंडोजवर वनड्राइव्हचं फाइल्स ऑन-डिमांड वापरलंय (२०१७ मध्ये आलं ते) त्यांनी याच जातीची गोष्ट ढगाच्या आयकॉनसकट बघितलेली आहे.

लिनक्सवर हे बघायचं तर एकाच फाइलवर दोन कमांड मारा. एलएस सांगतं फाइल ४० जीबीची आहे, आणि डीयू त्याच फाइलला सांगतं शून्य, फार तर काही केबी. दोन्ही खरं बोलतायत, एलएस फाइलची मूळ लांबी सांगतं आणि डीयू डिस्कवर आत्ता किती ब्लॉक अडकलेत ते. नवा माणूस हे पहिल्यांदा बघतो तेव्हा फाइल करप्ट झाली असं समजून तिकीट टाकतो, आणि त्याच्याही पुढचा उत्साही असतो तो फाइल दुसरीकडे कॉपी करून चेक करायला जातो, म्हणजे रिकॉल सुरूच.

आता सेटअप. मी बोलतोय ते आयबीएमच्या स्पेस मॅनेजमेंट या एचएसएम सॉफ्टवेअरच्या (जुने लोक अजून टिव्होलीच म्हणतात) भाषेत, कारण माझा हात त्यावर बसलाय. सन कंपनीच्या सॅम-क्यूएफएस या अशाच सॉफ्टवेअरवाल्यांकडे आर्काइव्ह, रिलीज, स्टेज, रिसायकल असे शब्द असायचे, कल्पना तीच. इथे फाइलच्या तीन अवस्था, रेसिडेंट म्हणजे फक्त डिस्कवर, मायग्रेटेड म्हणजे डिस्कवर स्टब आणि माल खाली, आणि मधली प्रीमायग्रेटेड म्हणजे डिस्कवर पूर्ण आहे आणि खालीही कॉपी गेलेली आहे. ही मधली अवस्था लोकांना फुकटची भानगड वाटते, जागा तर वाचली नाही मग उपयोग काय, असं तोंडावर विचारतात. उपयोग असा, समजा १०० टीबीची फाइल सिस्टिम आहे, हाय थ्रेशोल्ड ९० टक्के आणि लो थ्रेशोल्ड ८०, डिफॉल्ट तेच असतात. डिस्क ९० टक्के भरली की मायग्रेशन सुरू होतं आणि ८० वर येईपर्यंत चालतं, म्हणजे १० टीबी हलवायचे. एलटीओ-८ ड्राइव्ह (टेप वाचणारं-लिहिणारं यंत्र, एलटीओ हा टेपचा प्रकार) सेकंदाला ३६० एमबी लिहितो असं धरलं, तेही सगळं सुरळीत चाललं तर, तरी एका ड्राइव्हला पावणेआठ तास लागतात. तेवढ्या वेळात लोक लिहायचे थांबतात का? थांबत नाहीत, उलट महिनाअखेर असेल तर दुप्पट लिहितात. पण १० टीबी आधीच प्रीमायग्रेटेड असतील तर काहीच हलवायचं नसतं, नुसते स्टब करायचे, काम पटकन उरकतं. म्हणून लो थ्रेशोल्ड गाठल्यावरही सॉफ्टवेअर पुढच्या काही टक्के फायली प्रीमायग्रेट करून ठेवतं, ते टक्के डिफॉल्टला हाय आणि लोमधल्या फरकाएवढे असतात, आणि "टेपवर उगाच लोड येतो" म्हणून ते शून्य करणारे महाभाग असतात त्यांना माझा कोपरापासून नमस्कार.

सेटअपमध्ये हमखास फसायची जागा म्हणजे मॅनेजमेंट क्लास, म्हणजे कुठल्या फाइलचं काय करायचं ते सांगणारा नियमांचा संच. फाइल सिस्टिम जोडली, थ्रेशोल्ड दिले, सगळं हिरवं दिसतंय, आणि एकही फाइल हलत नाही. कारण सर्व्हरवरच्या मॅनेजमेंट क्लासमध्ये स्पेस मॅनेजमेंट टेक्निक डिफॉल्टला 'नन' असतं, ते जाऊन ऑटोमॅटिक करावं लागतं, किंवा सिलेक्टिव्ह, म्हणजे अ‍ॅडमिन किंवा फाइलचा मालक स्वतः सांगेल तेवढंच जाईल. दुसरी अट, फाइलचा बॅकअप झालेला असल्याशिवाय ती मायग्रेट होत नाही, हेही डिफॉल्टच आहे. लोकांना याचा वैताग येतो, मायग्रेशन अडलंय म्हणून घाईत ती अट काढून टाकतात. काढू नका हो. त्या सॉफ्टवेअरमध्ये विचार करून ठेवलेली जी डिफॉल्ट आहेत त्यातलं हे सगळ्यात शहाणं.

कारण एचएसएम म्हणजे बॅकअप नाही. हे वाक्य मी इतक्या वेळा बोललोय की ऑफिसात माझी नक्कल करतात, पण गैरसमज काही जात नाही. टेपवर आहे म्हणजे सेफ आहे असं लोकांना मनापासून वाटतं. अहो मायग्रेट झालेल्या फाइलचा माल एकाच ठिकाणी आहे, खाली, डिस्कवर नुसता स्टब, म्हणजे उलट आधी डिस्कवर होती तेवढीच आता टेपवर आहे, कॉपी वाढलेली नाही, ती टेप गेली की फाइल गेली. वेगळा बॅकअप किंवा स्टोरेज पूलची (सर्व्हर हा माल ठेवतो त्या जागेची) दुसरी कॉपी केली असेल तर गोष्ट वेगळी. आणि बॅकअपचं सॉफ्टवेअर एचएसएम ओळखणारं हवं, नाहीतर दोनातलं एक होतं, एकतर ते प्रत्येक स्टब उघडून सगळं खालून वर आणतं आणि डिस्क फुल करून टाकतं, नाहीतर नुसता स्टबच बॅकअप करतं आणि रिपोर्टमध्ये सक्सेस दाखवतं. हे दुसरं जास्त वाईट, कारण ते रिस्टोअर करायच्या दिवशीच कळतं.

कुठली फाइल आधी जाणार हे वय आणि साइज यांच्या वजनावर ठरतं, दोन्ही फॅक्टर डिफॉल्टला १. यात मेख अशी की वय म्हणजे शेवटचं कधी उघडली त्यावरून, आणि स्पीडसाठी फाइल सिस्टिम नोएटाइम लावून माउंट केलेली असेल तर ती तारीख अपडेटच होत नाही, मग रोज वाचली जाणारी फाइलही सॉफ्टवेअरला कित्येक महिने पडून आहे असं वाटतं, सकाळी टेपवर जाते, दुपारी परत येते, संध्याकाळी पुन्हा रांगेत. छोट्या फायली पाठवूच नयेत, मिनिमम साइज जरा वर ठेवावी. चालू डेटाबेस, प्रोग्रामच्या फायली, स्वतः एचएसएमच्या कॉन्फिगच्या फायली, हे सगळं एक्सक्लूडमध्ये, म्हणजे कधीच हलवायचं नाही त्या यादीत, यावर चर्चाच नको.

आता मूळ मुद्द्यावर येतो, रिकॉल. माणूस एकेक फाइल उघडतो तोवर सगळं छान चालतं. पण फायली माणसंच उघडतात असं कुठंय? अँटिव्हायरसचा रात्रीचा स्कॅन उघडतो, सर्च इंडेक्स बनवणारी सर्व्हिस उघडते, फोल्डर थंबनेल व्ह्यूमध्ये लावला की फोटोचं प्रिव्ह्यू काढायला फाइल मॅनेजर उघडतो, कुणीतरी एखादा शब्द शोधायला वरच्या डिरेक्टरीत ग्रेप मारून चहाला जातो. यातल्या कुणालाच माहीत नसतं की समोर स्टब आहे. मग एकदम हजारो रिकॉलची रांग लागते, आमच्यात याला रिकॉल स्टॉर्म म्हणतात, आणि ज्याला खरंच एक फाइल हवी आहे तो बिचारा त्या रांगेत सगळ्यात मागे, फोन करून विचारतोय की सर्व्हर हँग झालाय का.

टेपचं गणित समजलं की हे इतकं का दुखतं ते कळतं. एलटीओ-८ची टेप ९६० मीटर लांब, तिच्यावर कॉम्प्रेशनशिवाय १२ टीबी. ४० जीबीची फाइल वाचायला त्या ड्राइव्हला दोनेक मिनिटं लागतात, ते ठीकच आहे. पण २ एमबीची फाइल वाचायला क्षणही लागत नाही आणि तिच्यापर्यंत पोचायला मात्र टेप गुंडाळत साधारण मिनिटभर जातं. अशा ५०० फायली इकडे तिकडे पसरलेल्या असतील आणि मागितलेल्या क्रमाने एकेक आणल्या तर नुसत्या शोधाशोधीतच आठ तासांच्या वर गेले, आणि प्रत्यक्षात वाचला किती डेटा, तर १ जीबी! तेच ५०० टेपवरच्या क्रमाने लावून मागितले तर वेळ फार कमी होतो, चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये यादी देऊन अशा क्रमाने रिकॉल करायची सोय असते, पण ती आहे हे युजरला कुणीतरी सांगावं लागतं ना. ज्यांना जुना प्रोजेक्ट पूर्ण उघडायचाय त्यांनी आदल्या दिवशी यादी द्यायची, एवढी एक पद्धत लावली तरी निम्म्या तक्रारी कमी होतात.

बाकी उपाय तसे साधे आहेत. विंडोजमध्ये अशा फाइलला ऑफलाइन अ‍ॅट्रिब्यूट लागतं, समजूतदार अँटिव्हायरस ते बघून फाइल सोडून देतो, ते सेटिंग चालू आहे का बघा. थंबनेल आणि इंडेक्सिंग त्या शेअरवर बंद. स्टबमध्ये फाइलची सुरुवातीची थोडी बाइट्स ठेवायची सोय असते, ती ठेवली की नुसता हेडर वाचणाऱ्या प्रोग्राममुळे रिकॉल होत नाही. आणि ड्राइव्ह! मायग्रेशन, बॅकअप आणि रिकॉल तिघांना मिळून चारच ड्राइव्ह असतील तर रिकॉलसाठी किमान एक राखून ठेवा, बॅकअपवाले आरडाओरडा करतील, करू द्या, त्यांचा जॉब दोन तास उशिरा संपला तर कुणाचं काही अडत नाही, फाइल उघडून बसलेल्या माणसाचं अडतं.

रिकन्सिलिएशनबद्दल थोडं, कारण मॅन्युअलमध्ये त्यावर लोक पान उलटून पुढे जातात. युजरने स्टब डिलीट केला म्हणून खालची कॉपी लगेच जात नाही, रिकन्साइल चालतं तेव्हा डिस्कवरचे स्टब आणि सर्व्हरवरच्या कॉप्या यांचा ताळा घेतला जातो, डिफॉल्टला २४ तासांनी, आणि ज्यांचा स्टब सापडत नाही त्या कॉप्यांवर खूण होते, मग आणखी ७ दिवसांनी त्या जातात. ते ७ दिवस वाढवून ठेवा, चुकून उडालेले स्टब तेवढ्या मुदतीत परत बनवता येतात, त्यासाठी वेगळी कमांडच आहे.

आणि शेवटी सोडून जायचं झालं तर. हे विकत घेताना एकही जण विचारत नाही. फाइल सिस्टिमवरून एचएसएम काढायचं तर सगळ्या मायग्रेटेड फायली आधी वर आणाव्या लागतात, म्हणजे तेवढी जागा वर हवी. कोटा म्हणून एक सेटिंग असतं, एका फाइल सिस्टिममधून जास्तीत जास्त किती डेटा खाली पाठवायचा ते, डिफॉल्टला तो फाइल सिस्टिमच्या साइजएवढाच असतो, पुढे जागा संपायला लागली की सगळे तो बिनधास्त वाढवत जातात, १०० टीबीच्या डिस्कवर ४०० टीबीच्या फायली दिसायला लागतात, सगळ्यांना भारी वाटतं, आणि मग कुणीतरी ठरवतं की आता दुसरं सॉफ्टवेअर घेऊ. ते ४०० टीबी ठेवणार कुठे हा प्रश्न त्या मीटिंगमध्ये पहिल्यांदा निघतो.

म्हणून आपल्या वाचकांपैकी कुणी असं काही घेणार असेल तर एक विनंती आहे, डेमो द्यायला येणारे लोक फाइल हलताना दाखवतात, स्क्रीनवर वापर ९० वरून ८० वर येतो आणि सगळे माना डोलावतात. त्यांना सांगा की आता वेगवेगळ्या टेपवरच्या दोनशे छोट्या फायली एकदम परत मागवा, मागून बॅकअप चालू ठेवा, आणि घड्याळ लावून आम्हाला दाखवा किती वेळ लागतो ते. नाही म्हणाले तर सही करू नका.

आपला,
एक स्टोरेज अ‍ॅडमिन वाचक