अनंतास, खडकीच्या पलटणीविषयी

प्रिय अनंता,
सप्रेम नमस्कार.

प्रकृती ठीक आहे. गुडघा पूर्वीसारखाच कुरकुरतो, त्याहून अधिक सांगण्यासारखे नाही. लिहायला बसलो त्याचे कारण निराळे. आपल्या मंडळात खडकीच्या लढाईवर माझे व्याख्यान झाले आणि ते संपताच मागच्या रांगेतून एका गृहस्थांनी विचारले, "पेशवाई बुडवणाऱ्या गोऱ्या पलटणीचे एवढे कोडकौतुक कशाला?" टाळ्या माझ्या व्याख्यानापेक्षा त्या प्रश्नालाच अधिक पडल्या. आता तोच विषय दिवाळी अंकासाठी लिहायचा आहे आणि संपादकांचा आग्रह असा की, लेख ५ नोव्हेंबर १८१७ च्या दुपारपासून सुरू व्हावा व बॉम्बे युरोपियन रेजिमेंट, म्हणजे तीच गोरी पलटण, त्यात केवळ शत्रू म्हणून यावी. हा पेच तुझ्यावाचून सांगू कोणाला? या पलटणीचे नाव काढले की घरातली मंडळी चहा टाकायला उठतात.

मला लेख अंजदीवपासून सुरू करायचा आहे. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला लग्नात मुंबई मिळाली, ती ताब्यात घ्यायला सर अब्राहम शिपमन १६६२ साली चारशेच्या आसपास शिपाई घेऊन आला आणि पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी बेट देण्याचे साफ नाकारले. मग ती माणसे कारवारजवळच्या ओसाड अंजदीव बेटावर दोन वर्षांहून अधिक काळ कुजत पडली. खुद्द शिपमन तेथेच मेला, आणि १६६५ च्या फेब्रुवारीत त्याच्या चिटणिसाने, हम्फ्री कुकने, मुंबईचा ताबा घेतला तेव्हा शिपायांपैकी शंभराच्या आसपास उरले होते. १६६८ मध्ये राजाने वर्षाला दहा पौंड भाड्याने मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला दिली, उरलेल्यांतले बरेचसे कंपनीच्या चाकरीत गेले आणि त्यांतून ही पलटण उभी राहिली. ज्या पलटणीचे मूळच अशा उपासमारीत आणि तापात आहे, तिला दीडशे वर्षांनी एकदम खडकीच्या माळावर आणून उभी करणे मला पटत नाही.

शिवाय रिचर्ड केग्विनला गाळायचे कसे? १६७९ मध्ये खांदेरीपाशी शिवाजी महाराजांच्या आरमाराशी लढला तो हाच. कंपनीने पगार व भत्ते कापले तेव्हा १६८३ च्या डिसेंबरात याने मुंबईच्या शिबंदीला घेऊन बंड केले, राजाच्या नावाने बेट जवळजवळ वर्षभर चालवले आणि त्या अवधीत संभाजी महाराजांशी तहही केला. ज्यांच्याशी लढला त्यांच्याच पुत्राशी तह करणारा हा कप्तान एका शब्दात 'शत्रू' म्हणून कसा संपवायचा, हे संपादकांनी मला समजावून द्यावे. (तू म्हणशील, पगार थकला की तुझ्यातही केग्विन संचारतो. मान्य.)

खडकीविषयी आपले भांडण अजून मिटलेले नाही. तुझ्या मते लढाई दलदलीने जिंकली. पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांचे घोडदळ चिखलात अडकले नसते तर निकाल उलटला असता. मी आजही म्हणतो की ज्या सैन्याचा धनी, दुसरा बाजीराव, पर्वतीवरून लढाई पाहतो, त्याला दलदलीचे निमित्त कशाला हवे? व्याख्यानात मी तुझेही मत सांगितले, अर्थात तुझे नाव न घेता. पण एक गोष्ट आपण दोघेही तेव्हा नजरेआड करत होतो: ही पलटण लढाईच्या जेमतेम आठवडाभर आधी, ३० ऑक्टोबरला, पुण्यात पोहोचली होती. पुण्याचा इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन याने लगेच फौज खडकीला हलवली. ती येण्याआधीच हल्ला चढवण्याची बापूंना घाई का झाली नाही, की करू दिली गेली नाही, यावर आपले पुढचे भांडण ठेवू.

आता तुझ्या गावाची, डब्लिनची गोष्ट. कंपनीच्या गोऱ्या पलटणींत आयरिश माणसे फार. १८६२ मध्ये आपली पलटण राणीच्या सैन्यात १०३ वी रॉयल बॉम्बे फ्युझिलिअर्स झाली आणि १८८१ मध्ये रॉयल डब्लिन फ्युझिलिअर्सची दुसरी बटालियन. टोपीवरच्या बिल्ल्यात वाघ आणि हत्ती, आणि भरतीचा मुलूख डब्लिनचा! तुमच्या सेंट स्टीफन्स ग्रीन या बागेच्या तोंडाशी जी कमान आहे, १९०७ ची, ती याच रेजिमेंटच्या बोअर युद्धातल्या मृतांची. आयरिश राष्ट्रवादी लोक तिला 'ट्रेटर्स गेट', म्हणजे गद्दारांचे दार, म्हणत. आयर्लंड स्वतंत्र झाल्यावर १९२२ मध्ये पलटणच मोडली आणि १२ जूनला तिची निशाणे विंडसरला राजाच्या हाती देण्यात आली. पुण्यात ती परक्यांची, डब्लिनमध्ये ती गद्दारांची, आणि जिने मुंबई साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी ताब्यात घेतली तिला मुंबईत कोणी ओळखतही नाही. त्या गृहस्थांना मी तेव्हा एवढेच म्हणालो, की कौतुक नाही, हिशेब मांडतो आहे. उत्तर खरे होते, पण तोकडे पडले. लुटीच्या खात्यावर लढलेली माणसे ती होतीच. मला फक्त ती माणसे म्हणून लेखात हवी आहेत.

धाकटीचे महाविद्यालय सुरू झाले असेल. वहिनींच्या नव्या नोकरीबद्दल अभिनंदन. घर बदलल्याचे मला दुसऱ्यांकडून कळावे, हे बरे नव्हे.

लेख महिनाअखेरीस द्यायचा आहे. तोवर मला कळव: अंजदीव की खडकी? आणि त्या कमानीखालून जाशील तेव्हा एखाद्या जुन्या डब्लिनकराला विचार, आजही ते जुने नाव कोणी घेते का. उत्तर 'घेतात' असे आले तर संपादकांशी भांडायला मला चांगलाच आधार मिळेल.

तुझा,
वसंत