घरच्या विहिरींचं पाणी कोण तपासणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सरला की ग्रामपंचायतीच्या सार्वजनिक विहिरी, विंधणविहिरी आणि नळयोजनेची पाहणी होते, पाण्याचे नमुने जातात आणि गावाला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. हिरवं मिळालं की गाव निर्धास्त. पण घरोघरच्या खाजगी विहिरी या हिशेबात येतच नाहीत, आणि आमच्या गुहागरकडच्या किनारी वाड्यांत प्यायचं पाणी तर तिथलंच! नळ दारात आला आहे. त्याला टीसीएलचा, म्हणजे ब्लीचिंग पावडरचा, वास मारतो म्हणून तो भांडी-कपड्यांना. प्यायला परसातली विहीर, कारण "आमचं पाणी गोड". चवीवरून फार तर मचूळपणा कळतो, जंतू कळत नाहीत.

आमची आगरं म्हणजे समुद्राकडे गेलेल्या लांबट, अरुंद पट्ट्या. दोन घरांमध्ये एक गडगा, म्हणजे दगडी कुंपण. पूर्वी संडास आगराच्या पार टोकाला असे. आता तो घराला लागून, आणि पर्यटकांसाठी खोल्या काढल्या की खोलीगणिक एक. शोषखड्डा जागा उरेल तिथे. आपल्या विहिरीपासून लांब न्यावा तर शेजाऱ्याच्या विहिरीला खेटतो. विहीर आणि खड्डा यांत निदान १५ मीटर अंतर हवं, असं सांगितलं जातं. वर सड्याकडच्या, म्हणजे कातळपठारावरच्या, जांभ्या दगडात तेवढंही पुरेलच असं नाही. त्या दगडातल्या पोकळ्या-भेगांतून घाण पाणी न गाळताच झऱ्याला मिळू शकतं. जुलैत पाणी वर चढतं तेव्हा तर विचारूच नका.

गेल्या पावसाळ्यात आशाताईंनी आमच्या विहिरीचं पाणी एच-टू-एस चाचणीच्या बाटलीत भरून दिलं. पाणी अगदी नितळ, तळ दिसेल असं. फळीवर ठेवलेली बाटली दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काळी कुळकुळीत! म्हणजे विष्ठेतले जंतू पाण्यात उतरल्याची दाट शंका. त्या दिवसापासून आमच्याकडे पाणी उकळल्याशिवाय माठात जात नाही.

यावर गावातला रूढ उपाय म्हणजे गणपतीच्या आधी अंदाजपंचे मूठभर टीसीएल पावडर विहिरीत भिरकावणं. हिशेब अवघड नाही. विहिरीचा व्यास ३ मीटर आणि पाणी ३ मीटर खोल असेल तर साधारण २१ हजार लिटर पाणी होतं. हजार लिटरला अडीच ग्रॅम धरले तर चांगल्या प्रतीची ५० ग्रॅमच्या आसपास पावडर लागते. पाणी गढूळ असेल तर जास्त. ती बादलीत कालवून चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी विहिरीत सोडून ढवळायची आणि निदान तासभर पाणी काढायचं नाही. डबा उघडा राहिला असेल तर क्लोरीन केव्हाच उडालेला असतो. अर्थात शेजारचा खड्डा झिरपतच असेल तर हे किती दिवस पुरणार?

जंतूंच्या तपासणीचा नमुना निर्जंतुक बाटलीत घेऊन २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवावा लागतो. आडवाडीतल्या म्हाताऱ्या जोडप्याने एसटीने हे करावं, ही अपेक्षाच चुकीची आहे. जलसुरक्षक सार्वजनिक विहिरीचा नमुना घेतात त्याच फेरीत त्यांनी वाडीतल्या खाजगी विहिरींचेही घ्यावेत. शुल्क घरमालकाकडून घ्या, आम्ही देऊ. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा, आणि नव्या खोल्यांच्या बांधकामाला ना हरकत देताना शोषखड्ड्याचं अंतर शेजाऱ्याच्या विहिरीपासूनही मोजावं.

आपला,
एक वाचक, ता. गुहागर, जि. रत्नागिरी