अन्नमंत्र्यांना खुले पत्र: धुरीनंतर वाचलेला किडा आधी तपासा

माननीय अन्न व पुरवठा मंत्री यांस,

सा. न. वि. वि.

धान्यातले किडे मारायला गोदामातल्या पोत्यांच्या थप्पीवर चादर घालून आत विषारी गॅस सोडणाऱ्या गोळ्या टाकतात, ते धुरीकरण. त्याच्या नोंदवहीत थप्पीचा क्रमांक असतो, धान्याचे वजन असते, किती गोळ्या टाकल्या आणि चादर कधी घातली, कधी काढली हेही असते. चादर काढल्यावर जे किडे जिवंत सापडले त्यांचे पुढे काय केले, याला मात्र सहसा रकानाच नसतो. फार तर शेरा पडतो: ‘गॅस गळाला, पुन्हा धुरी द्यावी.’ हे पत्र त्या शेऱ्याबद्दल आहे.

शेरा खोटाच असतो असे नाही. चादरीला भोके असतात, फरशीला भेगा असतात, कडेने दाबायला ठेवलेल्या वाळूच्या पिशव्या मध्येच सरकलेल्या असतात. पण धुरी फसण्याची दुसरीही तऱ्हा आहे: गॅस पुरेसा टिकला आणि किडाच त्याला पुरून उरला. वरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसते, जिवंत किडे. उपाय मात्र वेगळे. एका ठिकाणी चादर बदलावी लागते, दुसऱ्या ठिकाणी औषध किंवा ते वापरण्याची रीत. कोणते कारण आहे हे न तपासता सरसकट गोळ्या वाढवणे म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

औषध बदलू म्हटले तर हाताशी फारसे काही नाही. मिथाइल ब्रोमाइड ओझोन थराला घातक, म्हणून माँट्रियल करारानुसार ते विकसित देशांत 2005 आणि विकसनशील देशांत 2015 पर्यंत बंद करायचे ठरले. क्वारंटाइन आणि मालरवानगीआधीची धुरी यांना तेवढी सवलत राहिली. सल्फ्युरिल फ्लोराइडला किड्यांची अंडी सहजी दाद देत नाहीत, शिवाय तो तापमानवाढीला हातभार लावणारा वायू. नायट्रोजन किंवा कार्बन डायऑक्साइड भरायचा तर साठवण जवळपास हवाबंद हवी. म्हणून बहुतेक भिस्त फॉस्फिनवर. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडची 3 ग्रॅमची गोळी हवेतल्या ओलाव्याने फुटते आणि 1 ग्रॅम फॉस्फिन वायू सोडते. स्वस्त आणि वापरायला सोपी. इतकी सोपी, की गळक्या चादरीखालीही ती बिनदिक्कत टाकली गेली. तिथे अर्धवट गॅसने साधे किडे मेले, चिवट तेवढे वाचले, आणि पुढची पिढी त्यांचीच झाली. म्हणजे गळती आणि प्रतिकारक्षमता ही कारणे वेगळी असली तरी पहिलीच दुसरीला जन्म देते.

हे आज कळले असे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 1972-73 मध्ये देशोदेशीचे किडे तपासले, तेव्हाच सुमारे 10 टक्के नमुन्यांत फॉस्फिनला न जुमानणारे किडे निघाले. तपासणीची प्रमाण पद्धत संघटनेने 1975 साली प्रसिद्धही केली. तिला फार मोठी यंत्रसामग्री लागत नाही. चाळून आणलेले प्रौढ भुंगेरे हवाबंद काचपात्रात ठेवायचे. तापमान 25 अंश, आर्द्रता 70 टक्के. मग मोजून फॉस्फिन सोडायचा: दाणे पोखरणाऱ्या छोट्या भुंगेऱ्यासाठी लिटरमागे 0.03 मिलिग्रॅम, पिठातल्या तांबड्या भुंगेऱ्यासाठी आणि तांदळातल्या सोंड्यासाठी 0.04. अवधी 20 तास. साधा किडा वाचू नये अशीच ही मात्रा ठरवलेली आहे. जो वाचला तो प्रतिकारक्षम समजायचा.

मात्र निकाल लगेच लिहायचा नसतो. पात्र उघडल्यावर भुंगेरे उताणे पडलेले दिसतात, पाय आखडलेले, ब्रशच्या टोकाने ढोसले तरी हालचाल नाही. नवखा माणूस ‘मृत’ लिहून मोकळा होतो. जाणकार त्यांना दाण्यांवर टाकून 14 दिवस थांबतो, कारण त्यांतले काही नुसते गुंगीत असतात. आधी एखादा पाय थरथरतो, मग मिशा हलतात, आणि मेलेला म्हणून बाजूला काढलेला भुंगेरा चालू लागतो. चादर उचलताक्षणी खाली पडलेले किडे पाहून ‘100 टक्के मृत’ असा दाखला देणाऱ्यांनी हे एकदा डोळ्यांनी बघावे.

या गुंगीमुळेच गोळ्या दुप्पट करून दिवस निम्मे करण्याचा हिशेब फॉस्फिनला लागू पडत नाही. मात्रा फार चढली की किडा सुस्तावतो आणि वायू कमी शोषतो. या औषधाला वेळ लागतो, आणि वेळ हवा तर चादर घट्ट हवी.

आता तपासणी आत्ताच का हवी ते सांगतो. फॉस्फिनविरुद्धची चिवट प्रतिकारक्षमता मुख्यतः दोन जनुकांवर उभी आहे. त्यांतले एक कोणते, हे 2012 साली नक्की झाले: पेशीच्या ऊर्जानिर्मितीत लागणाऱ्या डायहायड्रोलिपोअमाइड डीहायड्रोजनेज या विकराचे. एकच जनुक बदललेले असेल तर किडा थोडाफार तग धरतो. दोन्ही बदललेली एकत्र आली की परिणामाची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. शिवाय हा गुण बहुतांशी अप्रभावी आहे. आई आणि बाप दोघांकडूनही आला तरच तो पुरता दिसतो. एखाद्या गोदामातल्या किड्यांत अशा जनुकाचे प्रमाण 10 टक्के असेल, तर काचपात्रात 100 मागे साधारण एकच वाचेल. पण उरलेल्यांत जवळपास 18 जण ते जनुक गुपचूप बाळगणारे असतील. म्हणजे ‘एकच तर वाचला’ म्हणून सोडून द्यावा असा तो एक नाही. आणि 100 पैकी एकही वाचला नाही, तरी प्रत्यक्षात तीनेक टक्के प्रतिकारक्षम असण्याची शक्यता संख्याशास्त्र मोडीत काढत नाही. लपलेली जनुके शोधायला आता डीएनए चाचणी आहे. माल घाईचा असेल तिथे किडा किती मिनिटांत लोळतो हे मोजणारी झटपट चाचणीही आहे.

ऑस्ट्रेलियात नमुने तपासण्याचे देशव्यापी काम 1990 च्या दशकापासून चालू आहे. त्यामुळे तांबूस चपट्या भुंगेऱ्यात अतिचिवट प्रतिकारक्षमता दिसली तेव्हा तिथल्या साठवणदारांना नेमक्या त्याच साठ्यांत सल्फ्युरिल फ्लोराइड आलटून वापरता आले. कुठे वापरायचे हे ठाऊक असल्यावर महागडे औषधही परवडते.

माझे मागणे खर्चाचे कमी आणि शिस्तीचे जास्त आहे. धुरीनंतर ज्या थप्पीत जिवंत किडा सापडेल, तिचा नमुना प्रयोगशाळेकडे गेल्याशिवाय तिथे दुसऱ्यांदा गोळ्या टाकायच्या नाहीत. नमुन्यासोबत चादरीखालच्या गॅसची रोजची मोजणी जोडायची; मोजणी नसेल तर निकालाचा अर्थच लावता येत नाही. निकाल कपाटात न ठेवता त्या गोदामाला, शेजारच्या गोदामांना आणि माल पुढे जिथे जाणार तिथे कळवायचा, कारण पोत्यांबरोबर किडाही प्रवास करतो. आणि प्रतिकारक्षम किडा सापडला म्हणून गोदामपालाला नोटीस काढू नये. ती भीती बसली की नमुने येणेच बंद होईल आणि वहीत पुन्हा ‘गॅस गळाला’ एवढेच उरेल.

यातले पहिले कलम लागू करायला नवा कायदा लागत नाही, एक परिपत्रक पुरते. ते आपण काढावे, ही विनंती.

आपला,
धान्यातल्या किडींची तपासणी करणारा एक कीटकशास्त्रज्ञ