शेपटीचं खोकं मिळालं

चि. संकेत यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या उडत्या स्पिटफायर मॉडेलच्या शेपटीचं खोकं काल पोचलं. एलेव्हेटर, म्हणजे शेपटीची वर-खाली हलणारी आडवी फळी, एकाच बिजागरीवर लोंबत होता. आई म्हणाली, एवढ्या लांबून मोडकं कशाला पाठवलंय? मी म्हटलं, बरं केलं, फोनवरनं मला काय कळणार होतं?

सूर मारताना शेपूट थरथरली आणि तुकडा निखळला म्हणतोस. थरथरणारच की. भरीव बाल्साची, हलक्या लाकडाची असली तरी फळीच, त्यावर रंगाचे थर, म्हणजे सगळं वजन बिजागरीच्या मागं. त्यात सर्वोच्या, म्हणजे ती हलवणाऱ्या छोट्या मोटरच्या, रॉडचं भोक सैल. १९३६ साली पहिल्यांदा उडालेलं खरं स्पिटफायर, ब्रिटिशांचं लढाऊ विमान, इतकं वेगवान, पण त्याचा एलेव्हेटर सांगाड्यावर कापड ताणलेला. टोकांना बिजागरीच्या पुढं आलेले छोटे कान असायचे. हवेचा जोर त्यांच्यावर पडला की वैमानिकाचा हात हलका व्हायचा आणि आतल्या वजनानं फडफड आवरायची. तू ते कान नुसते रंगवलेस! इथं मात्र माझं डोकं फिरलं.

आता एलेव्हेटर आणि त्याच्या पुढचा स्थिर भाग यांच्यातल्या फटीचं. कड तिरकी तासून टेप लावली की विमान उडतं, पण दिसतं खेळण्यासारखं. तुझं मॉडेल एक-अष्टमांश, फट तीन मिलिमीटर. म्हणजे खऱ्या विमानावर चोवीस. बोट जाईल त्यातनं. एलेव्हेटरचं पुढचं नाक अर्धगोल कर आणि पुढच्या स्थिर भागाची मागची कड त्याला वाटीसारखी घेऊ दे. बिजागरीचा अक्ष बरोबर त्या गोलाच्या मध्यावर. मग वर-खाली कितीही फिरव, फट तेवढीच राहते. उद्यमनगरात पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने, करता करता माझे केस पिकले. मध्य अर्धा मिलिमीटर हुकला तरी एकीकडं घासतं, दुसरीकडं भगदाड पडतं. रॉडचं भोकही त्या अक्षाच्या बरोबर सरळ वर किंवा खाली ठेव, पुढं-मागं नको, नाहीतर वरची आणि खालची चाल सारखी येणार नाही.

मी इथं करतोय त्या नव्या एलेव्हेटरची जाडी नऊ मिलिमीटर आहे, तेव्हा नाकाची त्रिज्या साडेचार. दहा मिलिमीटरच्या रॉडला पॉलिश पेपर गुंडाळून वाटी घासली, फट पाऊण मिलिमीटरवर आली. सागवानावर हात बसलेल्याला बाल्सा म्हणजे लोणी. पहिले दोन तुकडे दाबूनच मोडले.

फासळ्या पातळ कापल्यात. कापड फार ताणू नकोस, फासळ्यांच्या मधे जरा बसू दे, खऱ्यावर तसंच दिसतं. कानात गळाची शिशाची गोळी बसेल, पण बेतानं. स्पिटफायरचं नाक आखूड. शेपटीत ग्रॅम वाढला की पुढं दोन-तीन ग्रॅम घालावे लागतात. म्हणून तर भरीव फळी नको.

रडर, म्हणजे शेपटीचं डावं-उजवं वळणारं उभं पान, अजून हातात घेतलेला नाही. त्याचा वरचा कान तुझ्या नकाशात अर्धवट छापलाय, नीट फोटो पाठव. शनिवारी रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसनं निघालास तर रविवारी सकाळी दोघं मिळून बिजागऱ्या बसवू. येताना तुझी ती बारीक ड्रिल आण, माझी सगळ्यात लहान दीडची आहे.

तुझे,
बाबा