बाळू, बिल्ले पाठवू नकोस

लेस्टर
रविवार, रात्र

चि. बाळूस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज आला तेव्हा मी रात्रपाळीवर होते. फोटो उघडला आणि दोन मिनिटं तशीच उभी राहिले. आपल्या ओसरीची शहाबादी फरशी, तिच्यावर देव्हाऱ्यातली ताटली, युद्धात मेलेल्यांच्या घरी इंग्रज सरकार पाठवायचं ती, आणि शेजारी ओळीने मांडलेले माझ्या पणजोबांचे पहिल्या महायुद्धातले तीन बिल्ले, म्हणजे पदकं. खाली तू लिहिलं होतंस की इंग्लंडमधला एक जण सगळ्याचे मिळून साडेसातशे पौंड द्यायला तयार आहे, कुरिअरच्या कागदावर ‘जुन्या पितळी शोभेच्या वस्तू’ असं लिहून पाठव म्हणतोय, आणि ते जमत नसेल तर ‘आत्या, तू दिवाळीला येतेसच, जाताना बॅगेत घालून ने.’

फोन केला असता तर मी रागावले असते. तुझ्यावर रागवायचं नाहीये, म्हणून कागद घेतलाय.

आधी उत्तर सांगते. मी नेणार नाही, आणि तूही पाठवायचे नाहीत. आता का ते नीट वाच, कारण यात तुझी पोलीस भरती अडकलेली आहे.

आपल्याकडे १९७२ चा पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायदा आहे. मूर्तिचोरांसाठीचा कायदा म्हणून आपण तो ओळखतो आणि आपला त्याच्याशी काय संबंध म्हणून सोडून देतो. पण त्यातली पुरावशेषाची व्याख्या बघ. मूर्ती, नाणी, चित्रं तर आहेतच, शिवाय ‘ऐतिहासिक महत्त्वाची कोणतीही वस्तू’ असे शब्द आहेत. अट एकच, वस्तू किमान शंभर वर्षांची हवी. हस्तलिखितं, दप्तर, कागदपत्रं यांना पंचाहत्तर वर्षं पुरतात. अशी वस्तू देशाबाहेर न्यायचा अधिकार केंद्र सरकारला किंवा सरकारने नेमलेल्या संस्थेला. तुला-मला तो नाही. परवाना काढून, फी भरूनही नाही. मोडला तर किमान सहा महिने, जास्तीत जास्त तीन वर्षं कैद आणि वर दंड.

पहिल्या महायुद्धाचे हे बिल्ले १९१९ नंतरच्या दोन-तीन वर्षांत घरोघर पोहोचले. म्हणजे शंभरी उलटली. तुझ्या आजोबांच्या लहानपणी त्यांना हा नियम लागू नव्हता. आता लागू होऊ शकतो. वस्तू तीच, पेटी तीच, फक्त वर्षं पुढे गेली, आणि म्हणूनच पुष्कळांच्या हे ध्यानात येत नाही.

तुझा तो मित्र म्हणतो ना, की असे बिल्ले लाखांनी पाडले, त्यात पुरातन काय. लाखांनी पाडले हे खरं आहे. नुसता चांदीचा ब्रिटिश वॉर मेडलच साठ लाखांहून जास्त जणांना दिला गेला. पण वस्तू दुर्मिळ आहे की नाही, असं कायदा विचारत नाही. एखादी वस्तू पुरावशेष आहे का, असा वाद निघाला तर निकाल भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी देतो, आणि तो अंतिम असतो. तुझा मित्र नाही, कुरिअरवाला नाही, इथला तो गिऱ्हाईकही नाही. अधिकाऱ्यांनी वस्तू पाहून ती पुरावशेष नसल्याचा दाखला दिला, तरच ती उजळ माथ्याने बाहेर जाऊ शकते. त्यांचं मुंबईचं कार्यालय सायनच्या किल्ल्यात आहे. आणि त्यांनी पुरावशेष आहे असं म्हटलं, तर विषय तिथेच संपला.

आता त्या ‘पितळी शोभेच्या वस्तू’बद्दल. बाळू, मला सगळ्यात जास्त भीती त्या ओळीची वाटते. बिल्ले पाठवताना माणूस म्हणू शकतो की मला नियम ठाऊक नव्हता. खोटं नाव लिहिल्यावर ते तोंडही राहत नाही. सीमाशुल्क कायद्याखाली माल जप्त होतो, आणि जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. त्या कागदावर सही तुझी असणार, आधारची प्रत तुझी असणार. गिऱ्हाइकाचं नाव फक्त पत्त्यात. पकडलं गेलं तर तो म्हणेल, मी जुनी पितळ मागवली होती. आणि इकडे तुझी चारित्र्य पडताळणी. दोन वर्षं पहाटे चारला उठून धावतोयस, ते सगळं एका पार्सलपायी घालवणार आहेस का?

माझ्या बॅगेचंही तसंच. पैसे न घेता, घरचीच वस्तू, घरच्याच माणसाने नेली तरी ती निर्यातच. तुला एक सांगते, जे मी वहिनीशिवाय कुणाला सांगितलेलं नाही. काही वर्षांपूर्वी परत येताना मी ती ताटली साडीत गुंडाळून बॅगेत ठेवली होती. माझ्या मुलांनी ती पाहावी, एवढंच मनात होतं. वहिनीने बॅग बंद करताना पाहिलं. एक शब्द बोलली नाही, ताटली काढून घेतली, तिला हळदकुंकू लावलं आणि परत देव्हाऱ्यात ठेवली. तेव्हा मला वाईट वाटलं होतं. आज वाटतं, तिने मला मोठ्या संकटातून वाचवलं.

इथे पदकांचा व्यापार उघड चालतो. लंडनमध्ये लिलाव होतात, गावोगावच्या सभागृहांत रविवारी टेबलं मांडून विक्री असते. तुझा मेसेज आल्यावर मी अशा एका ठिकाणी जाऊन आले. एक म्हातारे गृहस्थ, निवृत्त शिक्षक, मखमलीच्या खणांत बिल्ले लावून बसले होते. मी विचारलं, मराठा पलटणीचं काही आहे का? त्यांनी एक काढून दिला. पंख पसरलेल्या विजयदेवतेचा, कांस्याचा. भिंग लावून कडा वाचली. कुणी नाईक हुद्द्याचा शिपाई, आडनाव आपल्याकडचं. किंमत पंचेचाळीस पौंड. म्हटलं, याचे बाकीचे दोन कुठे आहेत? म्हणाले, चांदीचा वितळला असेल किंवा दुसऱ्या कुणाकडे असेल, जोडी फुटली की अशीच फुटते. इकडे कसा आला, हे त्यांनाही माहीत नव्हतं. माणूस भला होता. पण त्या नाइकाच्या घरी आज कुणाला माहीत आहे का, की त्याचं नाव लेस्टरमध्ये एका खणात पडलंय?

आपल्याकडे तिन्ही एकत्र आहेत आणि वर ताटली आहे. तुला कुणी नीट सांगितलं नसेल, म्हणून लिहिते.

माझे पणजोबा, म्हणजे तुझे खापरपणजोबा, ११० व्या मराठा लाइट इन्फंट्रीत होते. सहावी डिव्हिजन, तिचं नावच पूना डिव्हिजन. ती इराकात बसऱ्याकडून बगदादच्या वाटेला लागली, मागे हटली आणि कुत-अल-अमारा इथे वेढ्यात सापडली. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. शेवटी घोडे कापून खाल्ले, आणि आपल्यातल्या पुष्कळांनी तेही खाल्लं नाही. सुमारे १३,००० जण कैद झाले, बहुतेक हिंदी. त्यांना वाळवंटातून उत्तरेला चालवत नेलं, रेल्वेच्या कामाला जुंपलं. पणजोबा त्या वाटेवर गेले. कुठे, ते कुणाला ठाऊक नाही. तुझे पणजोबा, माझे आजोबा, तेव्हा चार वर्षांचे होते.

त्या शिपायांसाठी बसऱ्याला मोठं स्मारक आहे. चाळीस हजारांवर माणसांचं. पण हिंदी अधिकाऱ्यांची नावं तेवढी दगडावर कोरली. साध्या शिपायांचा पलटणीखाली नुसता आकडा. नावं वहीत. राष्ट्रकुलाच्या युद्धसमाधी आयोगाने अशा भेदभावाबद्दल २०२१ मध्ये माफी मागितली. म्हणजे दगडावर पणजोबांचं नाव नाही. ते आहे ते तुझ्या फोटोतल्या वस्तूंवर. चांदीच्या बिल्ल्याच्या कडेला, चार टोकांच्या ताऱ्यासारख्या बिल्ल्याच्या पाठीवर, आणि ताटलीवर. ताटलीवर तर हुद्दाही नाही, मुद्दाम ठेवला नाही. मेला तो जनरल असो की शिपाई, नाव एकसारखं. साहेबांनी ताटलीवर पाळलं ते दगडावर पाळलं नाही.

आपल्यापासून अपशिंगे मिलिटरी किती लांब आहे? त्या एका गावातले ४६ जण त्या युद्धात कामी आले. तिथे स्तंभ तरी आहे. आपल्या वाडीत काही नाही. आपल्याकडे देव्हारा आहे.

आजोबांची एक गोष्ट दादाला माहीत आहे, त्याने तुला सांगितली का? बहात्तरच्या दुष्काळात घरात ज्वारी संपली. आजोबा चांदीचा बिल्ला घेऊन कोरेगावला सोनाराकडे गेले. पावणेतीन तोळ्यांच्या आसपास भरला. सोनाराचा मुलगा शाळेत इंग्रजी शिकत होता, त्याने तराजूतून उचलून सहज कडा वाचली, एकेक अक्षर लावून. आजोबांना इंग्रजी येत नव्हतं. बिल्ल्यावर राजाचं नाव असेल असंच त्यांना वाटत होतं. साठीच्या माणसाने आपल्या बापाचं नाव पहिल्यांदा कुणा परक्याच्या तोंडून ऐकलं. बिल्ला परत कनवटीला लावला आणि रोजगार हमीवर खडी फोडायला गेले. कायदाही त्याच वर्षीचा आहे, हे मला परवा वाचताना दिसलं.

इथलं सरकारही असल्या गोष्टी सहज बाहेर जाऊ देत नाही. २०२३ मध्ये पहिल्या महायुद्धातल्या दोन शीख रिसालदारांचं एक चित्र परदेशी चाललं होतं. इंग्लंडने त्यावर तात्पुरती निर्यातबंदी घातली, आमच्या देशात राहू दे म्हणून. ऑस्ट्रेलियात तर व्हिक्टोरिया क्रॉस या शौर्यपदकांतली ठरावीक पदकं देशाबाहेर नेताच येत नाहीत. आपली माणसं ज्यांच्यासाठी लढली त्यांना त्यांच्या चित्राची किंमत कळते, मग आपल्याला आपल्या ताटलीची का कळू नये?

एक गोष्ट संजूलाही सांग, तो सध्या पलटणीत आहे म्हणून. नोकरीत असलेल्या जवानाने स्वतःला मिळालेलं पदक विकणं किंवा गहाण टाकणं हा १९५० च्या लष्कर कायद्याखाली गुन्हा आहे, आणि शिक्षा तुरुंगाची आहे. मित्रांमध्ये असले सौदे सुचवणारे खूप असतात.

आता पैशांचं. आल्याचा भाव पडला, बोअरला पाणी लागलं नाही, सोसायटीचा हप्ता थकला, हे मला वहिनीकडून कळलं. तुझ्याकडून कळायला हवं होतं. साडेसातशे पौंडांचा हिशेब मी केलाय. तेवढे मी सोमवारी दादाच्या खात्यावर टाकते. ते कर्ज नाही आणि बिल्ल्यांची किंमतही नाही. मी या घरची मुलगी आहे, आल्याच्या शेतात माझेही गुडघे मळलेत. दादा नको म्हणेल. त्याला सांग, आत्याने शपथ घातली आहे.

पुढे कधी घरात ठेवणं जमत नाही असं वाटलं, तर देशातल्या देशात द्यायला तो बहात्तरचा कायदा आडवा येत नाही, पुरावशेषांचा धंदा करणाऱ्याला मात्र परवाना लागतो. पण माझं मत विचारशील तर बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राला लिहू. खापरपणतू म्हणून तू स्वतः घेऊन जा, पोचपावती घे, फोटो काढ. तो निर्णय दादा जिवंत असताना, सगळ्यांनी बसून घ्यायचा.

आत्ता करायची कामं. त्या गिऱ्हाइकाला ‘विकायचे नाहीत’ एवढंच कळव, वाद घालू नकोस. इंटरनेटवर टाकलेले फोटो काढून टाक, चोरांनाही वाचता येतं. बिल्ल्यांच्या पेटीत एक पिवळा पडलेला इंग्रजी कागद आहे, त्याची वेगळी काळजी घे, तोही पंचाहत्तर वर्षांच्या कितीतरी पुढचा आहे. आणि वहिनीला माझ्यातर्फे हात जोडून सांग, ताटली यंदा चिंच-मिठाने घासू नको. फुगीर अक्षरं दर दिवाळीला थोडी थोडी झिजताहेत. मऊ सुती कापडाने पुसावी, सुती फडक्यातच गुंडाळावी, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नये.

एक काम फक्त तूच करू शकतोस. दुपारी उन्हात चांदीच्या बिल्ल्याची कडा तिरपी धर आणि चारही बाजूंनी जवळून फोटो काढ. नावाच्या आधी एक नंबर असेल. तो अंकांत लिहून मला पाठव. युद्धसमाधी आयोगाच्या यादीत आपल्या आडनावाचे बरेच जण सापडताहेत, नंबराशिवाय त्यांतले आपले कोणते ते मला ठरवता येत नाही.

दादाला नमस्कार, वहिनीला नमस्कार, पिंकीला गोड पापा.

तुझी,
आत्या