गुडघा वाकव रे सोन्या

सोन्या,

काल ताईचा फोन आला होता, म्हणाली फिजिओवाले आले की हा डोळे मिटून पडून राहतो, आज नको उद्या या म्हणतो. फोनवर तुझा आवाज ऐकला की मला ओरडायला जमत नाही म्हणून टाईप करतोय, चुका झाल्या तर समजून घे.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री तू गुंगीत होतास, डॉक्टरांनी मला सीटी स्कॅन कॉम्प्युटरवर फिरवून फिरवून दाखवला. गुडघ्याच्या वर मांडीचं हाड जिथं रुंद होतं तिथंच चुरा, आणि चीर पार सांध्यात उतरलेली. मागच्या बाजूचा एक तुकडा उभा चिरून सुटलेला, त्याला हॉफा फ्रॅक्चर म्हणतात, साध्या एक्सरेत कधीकधी कळतच नाही म्हणे. पोटरीचा स्नायू मोडलेल्या हाडाचा खालचा तुकडा मागं ओढतो आणि पायाची मोठी रक्तवाहिनी तिथूनच जाते, म्हणून ते सारखे पावलावर बोटं ठेवून नाडी बघत होते, मला वाटलं पाय गार पडला की काय.

मी विचारलं प्लास्टर नाही का चालणार. तर म्हणाले तुम्ही सुतार ना, सांधा लेव्हलला नसला तर काय होतं? मग कळलं. आधी सांध्याचे तुकडे जुळवायचे, तारांनी तात्पुरते धरायचे, स्क्रूनं आवळायचे आणि मग तो अख्खा गोळा प्लेटनं वरच्या हाडाला जोडायचा. आत पायरी राहिली की कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत अस्तर, झिजणार. त्या स्क्रूच्या डोक्यालासुद्धा आटे असतात रे, प्लेटच्या भोकात बसून लॉक होतात, हलवलं तरी हलत नाहीत. चाळीस वर्षं बिजागऱ्या बसवतोय, असा स्क्रू माझ्या हाताला लागला नाही.

एवढा खटाटोप तुझा गुडघा लवकर हलावा म्हणून केलाय. थोरल्या काकांचं हेच हाड मोडलं तेव्हा पायाला वजन लटकवून दोन महिने झोपवलं होतं, हाड जुळलं पण गुडघा लाकूड झाला, अजून एसटीत पाय पॅसेजमध्ये काढून बसतात आणि कंडक्टरची बोलणी खातात.

वाकवायचं म्हणजे वजन द्यायचं नाही हां, वॉकर सोडू नकोस, एक्सरे बघून डॉक्टर सांगतील तेव्हाच पाय टेकायचा. आजी तेलाची बाटली पाठवतीय, घे, पण चोळू नकोस. पोटरी सुजून दुखायला लागली तर लगेच डॉक्टरांना फोन, आणि दम लागला तर थेट हॉस्पिटल, रात्र बघू नकोस. आणि सिगरेटचं मला माहितीये, आईला नाही. त्यानं हाड जुळायला उशीर लागतो, डॉक्टरांनी तुला बाहेर काढून मला वेगळं सांगितलंय.

सागवानाचा तुकडा उरलाय, तुला बसायला उंच स्टूल करतोय. न मोडलेला पाय टेकून बस आणि जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या खोबणीपर्यंतचं माप ताईला घ्यायला सांग, इंचात पाठव.

बाबा